भिवंडीत करकोचे पाहायचे असतील तर

हिवाळा आला की भिवंडीतली हौशी मंडळी गाड्या भरून भिगवणला निघतात. उजनीच्या फुगवट्यावर नावेत बसून रोहित पाहायचे, चित्रबलाक पाहायचे, माशाचं जेवण जेवायचं आणि रात्री उशिरा परत यायचं. जायला हरकत काहीच नाही. तिथे जे दिसतं ते थव्यांनी दिसतं. पण त्याच कुळांतले बरेचसे पक्षी आपल्याच तालुक्यात, गोदामाच्या कुंपणाला लागून उभे असतात आणि त्यांच्याकडे पाहायला कोणी थांबत नाही. याचं कारण सोपं आहे. पक्षी म्हटले की मोठं, निळं, कठडा बांधलेलं पाणी हवं असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. करकोच्याला तसल्या पाण्याचा काडीचा उपयोग नसतो.

करकोचे, बगळे, शराटी, चमचे हे सगळे पाण्यात चालणारे पक्षी आहेत. ते बदकासारखे पोहत नाहीत, पाणकावळ्यासारखी बुडी मारत नाहीत. पाय टेकेल तेवढं पाणी आणि चोच पोचेल तेवढा चिखल, एवढ्यातच त्यांचं पोट भरतं. वंचकाला चार बोटं पाणी पुरतं, लहान बगळ्याला वीतभर, आणि चांगल्या उंचीच्या चित्रबलाकालाही गुडघ्याच्या वर पाणी गेलेलं फारसं मानवत नाही. म्हणून कामतघरच्या वऱ्हाळदेवी तलावाच्या मधोमध दुर्बीण रोखून काही हाती लागत नाही. तिथे पाहायचं ते उतरत्या, कच्च्या, गवत वाढलेल्या काठाकडे. तलावाचं सुशोभीकरण म्हणजे सरळ दगडी भिंत, वर पेव्हर ब्लॉक आणि रंगीत दिवे, असा जो समज महाराष्ट्रभर पसरला आहे, त्यात पहिला बळी या उथळ काठाचा जातो. तेव्हा पहिला नियम एवढाच: तलाव शोधू नका, वीतभर पाणी शोधा.

असं पाणी भिवंडी तालुक्यात अजून बरंच आहे. काल्हेर-कशेळीपासून अंजूर, अलिमघरपर्यंत आणि वर खारबाव-पायेच्या बाजूला खाडीला लागून कांदळवन, खाजणं, जुने मातीचे बांध आणि उघाड्या आहेत. उल्हास नदी इथे वसईच्या खाडीत मिसळत जाते आणि भरतीचं पाणी बरंच आतपर्यंत शिरतं. पडघ्याच्या अंगाला खारं पाणी नाही, पण भातखाचरं आहेत, ओहोळ आहेत आणि कापणीनंतर ओल धरून राहणारी वालाची शेतं आहेत. तिसरी जागा कोणी सांगत नाही, ती म्हणजे दोन भरावांच्या मधला खळगा. मुंबईची जकात चुकवायची आणि महामार्गही जवळ हवा, या हिशेबाने इथे गोदामं आली. भातजमिनींवर डंपरने माती पडली. दोन उंच प्लॉटांमध्ये अडकलेल्या शेतात पाण्याला वाट उरत नाही, लव्हाळं माजतं, गोगलगायी वाढतात आणि एका पावसाळ्यात तिथे उत्तम पाणथळ तयार होते. पुढच्या वर्षी तिच्यावरही भराव पडू शकतो. म्हणून ‘मागच्या वर्षी दिसले होते’ या भरवशावर कोणाला तिथे नेऊ नका. दर हंगामात स्वतः एक फेरी मारून जागा ताज्या करा.

गाडी नसेल तर दिवा-वसई मेमू पकडा. कोपर सोडलं की खाडीचा पूल लागतो, पुढे भिवंडी रोड, खारबाव आणि कामण रोड. जाताना एका बाजूच्या खिडकीत बसायचं, येताना दुसऱ्या. गाडीची पक्ष्यांना सवय झालेली असते, त्यामुळे ते उडत नाहीत. पाहायला वेळ फार मिळत नाही, पण कोणत्या शेतात पाणी उरलं आहे याचा नकाशा डोक्यात तयार होतो. मग नेमक्या जागी रिक्षाने किंवा दुचाकीने जाता येतं.

खाडीकाठी जायचं तर घड्याळाआधी पंचांग पाहा. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती; अष्टमीला सहा; एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. समुद्रापासून जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते, त्यामुळे काल्हेरला किंवा खारबावला किती फरक पडतो हे दोनतीनदा काठावर उभं राहून ठरवून घ्या. याचा पक्ष्यांशी संबंध असा की पूर्ण ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी दूरवर पांगतात. दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. खरी मजा पाणी चढू लागल्यावर असते. चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि पक्षी आपोआप तुमच्याकडे ढकलले जातात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे ओहोटी असते आणि सकाळभर पाणी चढत राहतं, म्हणून हे दोनतीन दिवस खाडीसाठी सर्वांत चांगले. एकादशीच्या सकाळी मात्र भरती भरात असते. त्या दिवशी खाडीकडे न जाता खाजणाच्या आतल्या बाजूची शेतं, बांध आणि कांदळवनाचे शेंडे पाहा, कारण चिखल बुडाला की पक्षी तिथे येऊन विसावतात.

आता ओळख. नवखा माणूस रंगाकडे पाहतो आणि फसतो, कारण यांतले निम्मे पक्षी पांढरे आणि उरलेले काळे-पांढरे असतात. आधी उडताना मान पाहा. मान दुमडून छातीशी घेतली असेल तर तो बगळ्यांच्या कुळातला. मान सरळ पुढे ताणलेली असेल तर करकोचा, शराटी, चमचा किंवा रोहित. एवढ्या एका खुणेवर अर्धं काम होतं. दुसरी खूण उन्हं तापल्यावर दिसते. दहाच्या पुढे मोठे पक्षी पंख न हलवता गोल गोल वर चढत असतील तर ते बगळे नव्हेत. गरम हवेच्या झोतावर असं तरंगणं ही करकोच्यांची रीत आहे. घारीही असंच चढतात, पण घारीचे लांब पाय शेपटीमागे लोंबत नाहीत.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवू. लांब पायांचा मोठा पक्षी दिसला की वर्तमानपत्रं बिनदिक्कत ‘सारस’ छापतात. महाराष्ट्रातले सारस गोंदिया भागात आहेत, भिवंडीत नाहीत. आपल्याकडचे क्रौंच, म्हणजे सारसाच्या कुळातले पक्षी, झाडावर बसत नाहीत. तुम्ही पाहिलेला पक्षी चिंचेच्या शेंड्यावर किंवा मोबाइलच्या टॉवरवर बसला असेल तर सारसाचा प्रश्न तिथेच संपतो.

बगळ्यांची सुरुवात वंचकापासून करा. याला ढोकरीही म्हणतात. गटाराच्या कडेला मातकट, रेघारेघांचा, मान आखडून बसलेला हा पक्षी दिसतच नाही. उडाला की अचानक पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि आपण दचकतो. पांढऱ्या बगळ्यांत लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे असतात. चिखलात पाय बुडाले असले की पंजे दिसत नाहीत. तो पाऊल उचलेपर्यंत थांबायचं. गायबगळ्याची चोच पिवळी आणि मान आखूड. पाणी नसलं तरी त्याचं भागतं, म्हशीच्या पायाखालून उडणारे किडे त्याला पुरतात. मोठ्या आणि मध्यम बगळ्यात घोटाळा झाला तर तोंडाची रेघ पाहा: मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. खाडीवर राखट-निळा, गळ्यापाशी पांढरा असा बगळा दिसला तर तो समुद्री बगळा. त्याचा पांढरा प्रकारही असतो आणि तो लहान बगळ्यापासून वेगळा काढणं जाणत्यांनाही जड जातं. तिथे अडून बसू नका, ‘पांढरा बगळा’ लिहून पुढे चला.

जून-जुलैत याच बगळ्यांना लग्नाचा साज चढतो. गायबगळ्याचं डोकं आणि मान नारिंगी होते, लहान बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसं लोंबतात आणि पाठीवर जाळीदार पिसारा येतो. या पिसांसाठी एकेकाळी युरोपातल्या बायकांच्या टोप्यांचा बाजार बगळ्यांच्या जिवावर उठला होता. हिंदुस्थानातून अशी पिसं बाहेर पाठवायला १९०२ मध्ये बंदी घालावी लागली. पहिल्या पावसाला वलगणीचे मासे शेतात चढतात तेव्हा माणसांबरोबर बगळेही ओहोळाच्या तोंडाशी हजर असतात. वर्षातला बगळे पाहण्याचा सर्वांत देखणा काळ हाच आहे आणि नेमक्या याच काळात पक्षीप्रेमी घरात बसतात.

करकोच्यांचं मात्र उलट. पाणी आटू लागलं की ते दिसतात. नोव्हेंबरपासून खाचरं सुकत जातात, मासे, गोगलगायी आणि बेडूक उरलेल्या डबक्यांत गोळा होतात आणि तिथे करकोचे उतरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादंच डबकं शिल्लक असेल तर त्यावर सकाळी नजर ठेवावी.

भिवंडीत सर्वांत आधी भेटण्याची शक्यता मुग्धबलाकाची. मळकट पांढरा, पंखांच्या कडा काळ्या, उंची बगळ्याएवढी. चोच मिटलेली असली तरी मधोमध फट राहते. अडकित्त्यासारखी ही फट शंख फोडायला असणार असं कोणालाही वाटेल, पण तो शंख फोडत नाही. खालच्या चोचीचं निमुळतं टोक तो गोगलगायीच्या झाकणाखाली सरकवतो, आतला स्नायू कापतो आणि मऊ जीव ओढून काढतो. बांधावर रिकामे पण धड शंख पडलेले दिसले तर तिथे थोडा वेळ काढायला हरकत नाही. एक सावधगिरी: पिल्लाच्या चोचीत ही फट नसते, ती वयाबरोबर येते. त्यामुळे सरळ चोचीचा मळकट करकोचा दिसला की नवी जात सापडल्याचं जाहीर करू नका, जवळ त्याचे आईबाप उभे आहेत का ते पाहा. थायलंडमध्ये दक्षिण अमेरिकेतून आलेल्या परक्या गोगलगायींनी भातशेतीत उच्छाद मांडला, तेव्हा हाच पक्षी त्यांच्यावर पोसला गेला आणि त्याचा पसारा वाढला. गोगलगायींनी वैतागलेल्या शेतकऱ्याने त्याला हाकलण्यात काही अर्थ नाही.

चित्रबलाक एकदा पाहिला की विसरत नाही: पिवळी, टोकाशी किंचित वाकलेली चोच, नारिंगी उघडं तोंड, छातीवर काळा पट्टा आणि शेपटीजवळ गुलाबी पिसं. तो डोळ्यांनी मासा शोधत नाही. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून तो चालत राहतो, एका पायाने चिखल ढवळतो, आणि चोचीला काही लागलं की ती मिटते. अमेरिकेतल्या याच्या भाईबंदात हे मिटणं मोजलं गेलं तेव्हा एका सेकंदाचा चाळिसावा भाग भरला. डोळ्यांची गरज नसल्यामुळे गढूळ पाणी त्याला चालतं. आपल्याकडे तो पाहुणा म्हणून येतो. त्याची घरटी पाहायची तर इंदापूर तालुक्यातल्या भादलवाडीच्या तलावावरची बाभळीची झाडं प्रसिद्ध आहेत.

तिसरा कांडेसर. काळा अंगरखा, लोकरीसारखी पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, तांबूस पाय. हा थव्यांत रमत नाही. एकटा नाहीतर जोडीने, आणि पाण्यापेक्षा ओलसर शेतात जास्त. पडघ्याच्या बाजूला कापणी झालेल्या खाचरात मुठे आणि टोळ टिपत फिरणारा काळा उंच पक्षी दिसला तर आधी कांडेसरच आठवा.

शराट्यांची चोच लांब आणि विळ्याच्या पात्यागत खाली वळलेली. पांढऱ्या शराटीचं डोकं-मान काळी आणि उघडी. ती खाडीच्या चिखलात आणि शहराच्या सांडपाण्यातही दिसते. काळ्या शराटीच्या डोक्यावर लाल चट्टा असतो आणि तिला कोरडं रान पसंत. चमच्याची चोच टोकाशी चपटी. पाण्यात डावीउजवीकडे हलवत तो पुढे सरकतो. डोकं पंखात खुपसून झोपलेला असला तर त्याला बगळा समजण्याची चूक हमखास होते, म्हणून जागा होईपर्यंत थांबा.

करकोच्यांचे पाय पांढरे दिसले तर चुना लागला असं समजू नका. उन्हात ते स्वतःच्या पायांवर विष्ठा सोडतात. ती सुकताना पाय थंड होतात. आणि आवाजावरून ओळखण्याच्या ॲपवर इथे विसंबू नका. मर्लिन चांगलं आहे, पण मोठे करकोचे जवळजवळ मुके असतात. घरट्यावर चोची खडखडवतात, तेवढाच त्यांचा आवाज. ॲपला फोटो द्या, आवाज नको.

साधनांचं फार काही नाही. ८×४२ ची दुर्बीण, टोपी, पाणी आणि खिशात मावणारी वही. पांढरे आणि भडक कपडे टाळा. गाडीतून उतरण्याऐवजी गाडीतच बसून पाहिलंत तर पक्षी दुप्पट वेळ थांबतात. पक्ष्याने खाणं थांबवून मान उंच केली म्हणजे तुम्ही जास्त जवळ गेला आहात. तिथून दोन पावलं मागे या. ‘फ्लाइट शॉट’ मिळावा म्हणून ढेकूळ फेकून थवा उडवणारे महागड्या कॅमेऱ्यांचे मालक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला अजिबात आदर नाही. गोदामांच्या रस्त्यांवर कंटेनर मागे घेताना चालकाला दुचाकी दिसत नाही, म्हणून कडेला उभं राहायची जागा नीट निवडा. सुरक्षारक्षकाने हटकलं तर ओळखपत्र दाखवून काय पाहत आहात ते सांगा, दुर्बीण त्याच्याही हातात द्या. त्या डबक्याचा सर्वांत नियमित निरीक्षक तोच असतो आणि काल कोणता पक्षी आला होता हे त्याच्याकडूनच कळतं. खाजणाच्या चिखलात उतरू नका, तो मांडीपर्यंत ओढतो आणि मागून भरती येते. पावसाळ्यात बांधावर घोणस असू शकते. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललात आणि ताप आला, तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं न विसरता सांगा, लेप्टोची शंका त्यांना वेळीच यायला हवी.

कामवारी नदीच्या काळ्या पाण्यातही बगळे आणि शेकाटे उभे दिसतात. त्यावरून पाणी चांगलं आहे असा निष्कर्ष काढू नका. सांडपाण्यातल्या अळ्यांवर काही जाती छान जगतात. बगळ्यांची संख्या नाही, जातींची विविधता मोजली तर पाण्याची तब्येत थोडीफार कळते.

पावसाळ्यात प्रश्न शहरातल्या झाडांचा येतो. चिंच, वड, पिंपळ, रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष यांवर रातबगळे, लहान बगळे, गायबगळे आणि वंचक एकत्र घरटी करतात. खाली विष्ठेचा सडा, सडक्या मासळीचा वास, गाड्यांच्या टपांची दशा. सोसायटीची तक्रार खरी असते, तिला ‘निसर्गप्रेम नाही’ म्हणून झटकून चालत नाही. पण फांदी तोडणं हा मार्ग नाही, आणि कायदेशीरही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणंही येतं. झाडाची छाटणी करायची तर भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागतेच. अर्ज हिवाळ्यात करून छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. मे अखेरीस करवत आणलीत तर घरट्यांची जुळवाजुळव सुरू झालेली असते. जून ते सप्टेंबर एवढे चार महिने झाडाखालचं पार्किंग हलवा, येण्याजाण्याच्या वाटेवर हिरवी शेडनेट तिरपी बांधा आणि रोज सकाळी पाण्याने धुऊन घ्या. जाळीचा दुसरा फायदा असा की पडणारं पिल्लू तिच्यात अडकतं.

आसाममध्ये हरगिला या प्रचंड करकोच्याच्या बाबतीत हेच घडलं. घरटी लोकांच्या अंगणातल्या झाडांवर, वास असह्य, मालक झाडं तोडत. पूर्णिमा देवी बर्मन यांनी कामरूप जिल्ह्यातल्या दादरा-पचरियाच्या बायकांना एकत्र केलं, पक्ष्याचं डोहाळजेवण केलं, हातमागावर हरगिल्याची नक्षी विणून विकली. घरटं असलेलं झाड ही मालकाच्या अभिमानाची गोष्ट झाली. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. मागांच्या भिवंडीने त्या हातमागांकडे जरूर पाहावं.

जखमी पक्षी सापडला तर आधी त्याच्या चोचीची भीती बाळगा. बगळ्याचा पहिला वार डोळ्यावर येतो. चष्मा लावा, जाड कापड किंवा गोणपाट अंगावर टाका, आधी डोक्यामागून मान पकडा आणि मग पंख मिटवून घ्या. भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. भात, पाव, दूध काही देऊ नका. लांब पाय फार वेळ दुमडून राहिले तर पक्षी उभा राहू शकत नाही, म्हणून खोकं उंच घ्या आणि मदत लवकर बोलवा. वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. घरट्यातून पडलेलं धडधाकट पिल्लू असेल तर ते घरी आणून पाळू नका, पाळणं बेकायदा आहे. त्याच क्रमांकावर विचारून घ्या. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात हे फोन सर्वांत जास्त करावे लागतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर आणि तारांवर लोंबतच राहतो. हाताला येईल तेवढा उतरवा, गोळा करा आणि तुकडे करूनच कचऱ्यात टाका. विजेच्या तारेवरच्या मांजाला मात्र हात लावू नका, वीज कंपनीला कळवा.

शेतकऱ्यांसाठी एकच गोष्ट. बांध पोखरणारे मुठे मारायला भातात विष कालवून ते बांधावर टाकलं जातं. मेलेला मुठा बगळा किंवा कांडेसर उचलतो आणि विष पुढे जातं. आमिष द्यायचंच असेल तर बिळाच्या आत सारा, तोंड चिखलाने लिंपा, आणि दुसऱ्या दिवशी मेलेले मुठे वेचून पुरा. थायमेट नावाने विकलं जाणारं फोरेट २०२० च्या अखेरपासून देशात बंद आहे; कोणी जुना साठा खपवत असेल तर घेऊ नका.

पाहिलेलं लिहून ठेवा. तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, किती पक्षी, काय खात होते. ई-बर्ड या संकेतस्थळावर यादी टाकलीत तर ती इतरांच्या उपयोगी पडते. घरट्यांच्या झाडाचा नेमका पत्ता मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका. आशियाई पाणपक्षी गणना दर वर्षी जानेवारीत होते, आपल्या उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे. तुमचं खाजण तिच्यात नसेल तर घालता येतं. शाळेतल्या मुलांना न्यायचं असेल तर ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह सोयीचा. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून राज्य सरकारने तो ठरवला आहे आणि तेव्हा खाचरांत अजून पाणी असतं.

या नोंदींचा खरा उपयोग भराव पडू लागला की होतो. इथे कायद्याची एक गोम लक्षात ठेवा. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांत भातशेती, मिठागरं, नदीपात्र आणि पिण्याच्या पाण्यासाठी केलेले तलाव पाणथळ म्हणून धरलेले नाहीत. त्यामुळे खाचरावरच्या भरावाची तक्रार ‘पाणथळ’ म्हणून केलीत तर ती टिकत नाही. तिथे अकृषिक परवानगी, नैसर्गिक ओहोळ बुजवणं, शेजारच्या शेतात पाणी तुंबणं हे मुद्दे घेऊन तहसीलदारांकडे जावं. कांदळवन असेल तर बाजू भक्कम असते: मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवनाची तोड आणि त्यावर भराव यांना मनाई आहे, त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यासह. पाणथळींच्या तक्रारींसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेली समितीही आहे. अर्जात भावना कमी आणि कागद जास्त असावेत. सातबारावरचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा, तारीख व ठिकाण उमटलेले फोटो, भरावाआधीचे आणि नंतरचे, आणि सोबत तुमच्या वहीतली दोन-तीन वर्षांची पक्ष्यांची यादी. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का घ्या आणि आवक क्रमांक पडला आहे ना हे खिडकीवरून हलण्याआधी पाहा.